पोटदुखी म्हणून आलेली मुलगी : मण्यारदंशाचं एक प्रकरण

ही घटना उत्तर कोकणातल्या एका तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातली, जुलै महिन्यातली. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. त्या रात्री ड्युटीवरची अधिपरिचारिका मीच होते, त्यामुळे यात जी चूक आहे तीही माझीच आहे.

नाईटला आम्ही तिघं होतो: मी, मावशी (आया) आणि मामा (वॉर्डबॉय). वैद्यकीय अधिकारी आवारातल्याच क्वार्टरमध्ये ऑन कॉल. लेबर रूममध्ये एक पहिलटकरीण होती, गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं. पाऊस आदल्या संध्याकाळपासून थांबलेला नव्हता.

पहाटे ४.५०

चौदा वर्षांची मुलगी, वजन ३४ किलो. वडील आणि काकांच्या मध्ये बसवून मोटरसायकलवरून आणलेली. आजी मागच्या गाडीवर. तक्रार अशी की रात्री अडीच-तीनपासून पोटात जोराच्या कळा, दोन उलट्या, घसा धरल्यासारखा वाटतोय. रात्री घरात सगळ्यांनी सुकटीचं कालवण आणि भाकरी खाल्ली होती, बाकी कुणाला काही झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य मी स्वतःच्या हाताने केसपेपरवर लिहिलं आणि त्याचा अर्थ काय होतो याचा विचार केला नाही.

नाडी १०४, बीपी ११०/७०, श्वास मिनिटाला २०, सॅच्युरेशन ९८, ताप नाही. पोट दाबून पाहिलं तर मऊ. मुलगी कळांनी अंग मुडपून घेत होती आणि पोट मात्र कुठेही कडक नाही, हाताला कुठे दुखरी जागा लागत नाही. ही विसंगती तेव्हा माझ्या हाताखाली होती. मी तिच्यावरून हात फिरवला आणि पुढे गेले.

सरांना फोन केला: "सर, चौदा वर्षांची मुलगी, पोटदुखी, दोन उलट्या, व्हायटल्स नॉर्मल." त्यांनी पॅन्टोप्राझोल, ऑन्डान्सेट्रॉन आणि एक सलाईन सांगितलं, सकाळी राउंडला बघतो म्हणाले. मी जेवढं सांगितलं तेवढ्यावरून कुणीही हेच सांगितलं असतं. 'पोटदुखी' हे मी आधीच ठरवून टाकलं होतं आणि तेच त्यांच्या कानावर घातलं.

शिरेत सुई (इन्ट्राकॅथ) लावली, इंजेक्शनं दिली, सलाईन चालू केलं. आजीच्या हातात ओआरएसचा ग्लास दिला आणि "घोट घोट पाजा" असं सांगून लेबर रूममध्ये गेले. तिकडे बाईला कळा वाढल्या होत्या.

नाकातून आलेलं पाणी

५.३० ला परत आले तेव्हा आजी ओढणीच्या टोकाने मुलीचं नाक पुसत होती. मी विचारलं, सर्दी आहे का? आजी म्हणाली, "नाय गो बाय, पाणी पाजलं तं नाकातून परत आलं. ठसका लागला तिला." तिच्या आवाजात काळजी नव्हती. पोर घाईघाईने प्यायली असेल, असंच तिला वाटलं होतं.

मी खाटेपाशी थांबले. ओआरएस उलटीतून बाहेर आलं असतं तर मी भांडं बदललं असतं आणि पुढे गेले असते. पण गिळताना पाणी नाकात जातं तेव्हा टाळू वर उचलला जात नसतो. पोटदुखीत टाळूला काही होत नाही.

"बाळ, नाव सांग तुझं." तिने सांगितलं, पण आवाज नाकातून येत होता, तासाभरापूर्वी असा नव्हता. ओढणीचा दुसरा कोपरा लाळेने ओला होता. ती थुंकी गिळत नव्हती, टिपत होती. डोळे अर्धे मिटलेले. आजी म्हणाली, "रातभर झोपली नाय पोर, झोप येतेय तिला."

मला झोपही दिसत होती आणि झोप नसलेलंही काहीतरी दिसत होतं, आणि ते काय हे कळायला मला काही क्षण लागले. तिला म्हटलं, वर ट्यूबलाइटकडे बघ. तिने बघायचा प्रयत्न केला तेव्हा तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, भुवया ताणून वर गेल्या आणि पापण्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. झोप आलेलं माणूस पापण्या सोडून देतं. ही मुलगी कपाळाच्या जोरावर पापण्या उघड्या ठेवायला झगडत होती.

मी तिला एक दीर्घ श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला सांगितलं. बावीसपर्यंत गेली. मान उशीवरून उचल म्हटलं, तर हनुवटी थोडी हलली आणि डोकं जागेवरच राहिलं. आणि मग तो प्रश्न विचारला, जो ४.५० ला विचारायला हवा होता: "रात्री कुठे झोपली होती?"

खाली. गोधडी टाकून. शेणाने सारवलेल्या जमिनीवर, चुलीच्या बाजूला, तिथे ऊब असते म्हणून.

"काही चावलं का? साप?" मुलीने नाही म्हणून बोटं हलवली. वडील म्हणाले, साप कुणी पाहिला नाही. मावशी आणि मी टॉर्चच्या उजेडात पायाच्या बोटांच्या बेचक्यांपासून कानामागेपर्यंत शोधलं. सूज नाही, रक्त नाही, दातांची खूण नाही. खूण शेवटपर्यंत सापडली नाही.

कोकणात मण्यारीला बरेच जण कांडर म्हणतात. ती रात्री फिरते, उंदरांच्या आणि इतर सापांच्या मागे घरात शिरते. दात इतके लहान की चावल्याचं धड जाणवतही नाही. नागाच्या किंवा घोणशीच्या दंशासारखी जागा सुजत नाही, काळीनिळी पडत नाही. माणूस झोपेतून उठतो तो पोटात दुखतंय किंवा घसा धरलाय म्हणून, आणि पापण्या पडायला लागेपर्यंत ही तक्रार साध्या अपचनासारखीच दिसते. पावसाळा, पहाट, जमिनीवरची झोप, अचानक पोटदुखी आणि मऊ पोट, हे पाच दुवे पुस्तकात एकाखाली एक वाचायला मिळतात. त्या रात्री ते सगळे माझ्यासमोर होते, फक्त वेगवेगळ्या जागी: एक आजीच्या बोलण्यात, एक माझ्या हाताखाली, एक खिडकीबाहेर.

दुसरा फोन

५.४० ला मी फोन उचलला आणि क्षणभर थांबले. हे प्रामाणिकपणे लिहायला हवं, कारण याबद्दल आपल्यात कुणी बोलत नाही. सरांनी सकाळी बघतो म्हणून सांगितलेलं. पाऊण तासापूर्वी मीच "नॉर्मल" म्हटलेलं. खूण नाही, साप नाही, सॅच्युरेशन अजून ९८. आणि मी, एक सिस्टर, त्यांना उठवून सांगणार की मला मण्यार वाटतेय. माझं चुकलं असतं तर तो किस्सा महिनाभर चालला असता. हा विचार मनात आला. मग मुलीला पुन्हा मोजायला सांगितलं. सतरावर दम संपला. दहा मिनिटांत बावीसवरून सतरा.

त्या दोन आकड्यांनी फोन सोपा झाला. मी म्हटलं: "सर, मघाची मुलगी. पोटदुखी नाही ती. दोन्ही पापण्या पडल्यात, पाणी नाकातून येतंय, मान उचलत नाही. एका दमात बावीस मोजत होती, आता सतरा. जमिनीवर झोपली होती. खूण नाही, पण मला मण्यार वाटतेय. तुम्ही आत्ता या, मी एएसव्ही काढते, १०८ बोलावते." एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं प्रतिविष. सर रेनकोट अंगावर टाकून पाच मिनिटांत आले. मला नेमकं काय वाटतंय हे मी पहिल्या वाक्यात सांगितलं होतं, म्हणून त्यांनी आल्याबरोबर पोटाला हात न लावता पापण्या पाहिल्या.

सॅच्युरेशनबद्दल इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण बोटाला लावलेल्या त्या मशीनवर आपण फार विसंबतो. श्वासाचे स्नायू थकायला लागतात तेव्हा माणूस आधी उथळ आणि भरभर श्वास घेऊन भागवतो. रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ टिकून राहतो, त्यातही ऑक्सिजन लावलेला असेल तर आकडा आणखी चांगला दिसतो. ९८ वरून तो घसरायला लागतो तेव्हा हातातला वेळ जवळजवळ संपलेला असतो. एका दमात मोजलेले आकडे, मान उचलता येणं, खोकल्यातला जोर, थुंकी गिळता येणं, या गोष्टी त्याच्या कितीतरी आधी सांगतात. त्यांना मशीन लागत नाही. लागतं ते दर दहा मिनिटांनी त्याच खाटेपाशी परत जाणं आणि वेळ टाकून लिहिणं.

एएसव्ही

तोंडाने काहीही देणं बंद. आजीच्या हातातला ग्लास मी घेतला तेव्हा तिला वाईट वाटलं, म्हणून तिला दोन वाक्यांत कारण सांगितलं: गिळता येत नाही, पाणी छातीत उतरेल. मुलीला डाव्या कुशीवर वळवलं, सक्शन मशीन चालू करून पाहिली, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि योग्य मापाचा मास्क उशाशी ठेवला. ऑक्सिजन लावला.

वीस मिनिटांच्या गोठण्याच्या चाचणीसाठी नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन नळी न हलवता उभी ठेवली. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची नळी चालत नाही, त्यात निकाल फसवा येतो. रक्त गोठलं. मण्यारीत ते गोठतंच. ही चाचणी घोणस आणि फुरशासाठी जास्त कामाची. नळीतलं रक्त गोठलं म्हणून "विषारी नाही" असं समजून रुग्ण घरी पाठवल्याची गोष्ट मी दुसऱ्या ठिकाणी काम करताना ऐकली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. चाचणीच्या निकालासाठी आम्ही थांबलो नाही.

आपल्याकडची एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. साप कोणता हे ठरवण्यात वेळ घालवायची गरज नाही. लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस लागतो, कारण साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही. दहा व्हायल्स. मामांनी एकेक उघडून दिली, मी पाणी घालून हलक्या हाताने फिरवत विरघळवली. घाईत जोराने हलवली की फेस येतो आणि वेळ दुप्पट जातो. मुलगी ३४ किलोची, म्हणून शंभर मिली एएसव्ही २०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, तासाभरात जाईल असं. टेस्ट डोस दिला नाही. त्यातून पुढच्या रिअॅक्शनबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी अॅड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून, वर लेबल लावून ट्रेमध्ये ठेवलं. ६.०० ला सुरू केलं.

६.१२ ला गळ्याभोवती गांधी उठल्या, ती हातांनी चादर ओढू लागली, नाडी १३०. थेंब बंद केले. अॅड्रिनलिन ०.३ मिली मांडीच्या स्नायूत, मग हायड्रोकॉर्टिसोन आणि क्लोरफेनिरामिन. पंधरा-वीस मिनिटांत गांधी बसल्या. वडिलांना वाटलं हे औषध तिला चालत नाही, काका म्हणाले दुसरं काही द्या. या क्षणी बऱ्याच ठिकाणी एएसव्ही कायमची बंद होते. रिअॅक्शन म्हणजे थांबायचं, रिअॅक्शनवर उपचार करायचा आणि तीच बाटली हळू पुन्हा सुरू करायची, कारण या विषावर दुसरं औषध नाही. सरांनी ते वडिलांना सांगितलं, मी थेंब मोजत शेजारी उभी राहिले. ६.३५ ला पुन्हा सुरू.

अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिनही देऊन पाहिलं. नागाच्या दंशात त्याने पापण्या उघडताना मी पाहिल्या आहेत. इथे काही फरक पडला नाही. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच निकामी करतं, तिथून स्नायूला निरोपच जात नाही. ती टोकं पुन्हा उगवायला दिवस लागतात. एएसव्ही रक्तात फिरणारं विष पकडते, झालेलं नुकसान उलटवत नाही. म्हणून दहा व्हायल्स वेळेत जाऊनही मुलगी पुढचा तासभर खालावतच गेली. नातेवाइकांना हे आधी सांगितलं नाही तर त्यांना वाटतं औषध वाया गेलं किंवा चुकीचं दिलं. ७.१० ला एका दमात नऊ. ७.३० ला चार, मग तिने मोजणं सोडलं. सरांनी घशातून श्वासनळीत नळी घातली. मी बॅगिंग सुरू केलं.

लेबर रूममधल्या बाईचं बाळंतपण याच वेळात सकाळच्या सिस्टरने येऊन केलं. मुलगा, दोन किलो नऊशे.

रस्ता

८.०० ला १०८ निघाली. सोबत डॉक्टर होते. मी बॅग धरली. जिल्ह्याच्या गावापर्यंत एक तास पन्नास मिनिटं, त्यात घाटातला रस्ता. पाच-सहा सेकंदांनी एकदा बॅग दाबायची. हात घाबरला की वेग वाढतो, म्हणून मी मोठ्याने मोजत होते.

मण्यारदंशाच्या रुग्णाबद्दलची एक गोष्ट प्रत्येक परिचारिकेला पाठ असायला हवी. सगळे स्नायू लुळे पडतात, डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, आणि तरी माणूस आतून पूर्ण जागा असू शकतो. बघणाऱ्याला मेंदू संपल्यासारखं दिसतं. मेंदूला काही झालेलं नसतं. त्यामुळे त्या खाटेभोवती जे बोललं जातं ते सगळं रुग्ण ऐकतोय असं धरूनच वागायचं.

मी तिला सांगत होते: तुझा श्वास आता मी घेतेय. तुला हलता येत नाहीये ते औषधाने नाही, विषाने आहे, आणि ते उतरणार आहे. आता नाकात नळी घालून लाळ ओढणार आहे, खोकला आल्यासारखं वाटेल. आता घाट लागला. आता उतार. आजी मागच्या गाडीत आहे. डॉक्टरांनाही विनंती केली, झोपेचं औषध देता येईल तेवढं द्या. लुळ्या शरीरात पूर्ण जागेपणी घशात नळी असणं ही काय यातना असेल याची कल्पना करवत नाही. डोळे नीट मिटून त्यांवर ओलं गॉज ठेवलं, कारण अर्ध्या उघड्या डोळ्याची बुबुळं सुकतात.

पुढची हकिगत वडिलांच्या फोनवरून कळली. व्हेंटिलेटरवर सहा दिवस. दुसऱ्या दिवशी एक नातेवाईक खाटेच्या पायथ्याशी उभा राहून "गेली ती, घरी न्या" म्हणाला. चौथ्या दिवशी उजव्या हाताचं बोट हललं. सातव्या दिवशी नळी काढली. अकराव्या दिवशी घरी.

केसपेपर

पहिल्या ओळीत माझ्या अक्षरात 'पोटदुखी, उलटी' आहे. ती मी खोडली नाही. खाली ५.४० ची वेळ टाकून नवी नोंद लिहिली: दोन्ही पापण्या पडलेल्या, गिळता येत नाही, मण्यारदंशाचा संशय. हे इतकं महत्त्वाचं का, याचं एक मोठं कारण आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला साधारण ५८,०००; यातले बहुसंख्य खेड्यांतले. रुग्णालयाच्या नोंदीत मात्र सर्पदंश त्याहून फार कमी दिसतात. पहाटे पोट दुखतंय म्हणून आलेला, सकाळी श्वास बंद पडून गेलेला माणूस कुठल्या रकान्यात जातो? साप कुणी पाहिला नसेल तर सर्पदंशाच्या रकान्यात नक्कीच नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असं राज्यांना सुचवलं. पण नोंद करणारी पहिली व्यक्ती खाटेपाशी उभी असते, आणि तिने 'पोटदुखी' लिहून सोडलं तर पुढचा कुठलाही नियम उपयोगाचा नाही.

नर्सिंगच्या अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये परिचारिकेच्या निर्णयाचे चार टप्पे मांडले: जाणवणं, अर्थ लावणं, कृती करणं, मागे वळून पाहणं. त्यातल्या पहिल्याच टप्प्याबद्दल त्यांचं म्हणणं असं की आपल्याला काय जाणवतं हे आपण काय बघायला तयार होतो यावर ठरतं. कॉलेजमध्ये हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. ४.५० ला मी सुकट आणि जुलाब-उलटी बघायला तयार होते, म्हणून तेच पाहिलं. पाऊण तास गेला. मला त्यातली वीस मिनिटं लेबर रूमवर ढकलता येतील, आणि रात्री तीस खाटांना एक सिस्टर हे चूक आहेच, त्याबद्दल भांडलंच पाहिजे. पण पहिली दहा मिनिटं मी तिच्याशेजारी होते.

त्यानंतर आम्ही एक साधा बदल केला. पावसाळ्यात रात्री-पहाटे पोटदुखी, घसादुखी किंवा नुसती गुंगी घेऊन कुणी आलं की पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी चार नोंदी: पापण्या, गिळणं, मान, एका दमातले आकडे. फोनशेजारी मार्करने लिहून ठेवलंय. बहुतेक वेळा काहीच निघत नाही. दोन सिस्टरना हा उगाच वाढीव लिखाणाचा प्रकार वाटतो आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे, कारण रात्री हात कमी असतात. मी तरी तो बंद करू देणार नाही.

ऑगस्टअखेर ती आजीबरोबर आली. वजन घटलेलं, आवाज थोडा घोगरा. घरात आता तिच्यासाठी खाट आहे, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपते. रस्त्यातलं किती आठवतं, असं विचारलं तर म्हणाली, घाट आठवतो, आणि तुम्ही मोजायचं थांबवलं की भीती वाटायची. मग बोलता बोलता डाव्या हाताची करंगळी दाखवून म्हणाली, त्या रात्री इथे मुंगी चावल्यासारखं झालं होतं, मी झटकलं आणि कूस बदलली.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस गं?"

"ताई, तुम्ही साप चावला का विचारलं. साप नव्हता चावला."

आता मी विचारते: रात्री काही टोचलं का, मुंगी, डास, काटा, काहीही?